जुनी मोटारहोम : प्लग लावला की सगळं ठीक, बॅटरीवर आलं की फर्नेस बंद

कडेकपारी

नमस्कार मंडळी,

आम्ही मध्य न्यू जर्सीत राहतो. गेल्या सप्टेंबरात एका वयस्कर जोडप्याकडून १९९६ सालची मोटारहोम घेतली. क्लास सी, म्हणजे पुढे व्हॅनचं तोंड आणि ड्रायव्हरच्या डोक्यावर पलंग असतो तशी, २७ फुटी. छत गळत नाही, इंजिन पहिल्या चावीला उठतं, टायर नवे. एवढं बघितलं आणि आनंदात घरी आणली. विजेचं आम्हाला काही कळत नव्हतं, आणि आता तेच नडतंय.

घराच्या ड्राइव्हवेवर प्लग लावला की सगळं लख्ख. दिवे, पाण्याचा पंप, फ्रिज, फर्नेस (गॅसवर चालणारा गरम हवेचा हीटर), कशाचीच तक्रार नाही. ऑक्टोबरात पोकोनोजला, पेनसिल्व्हेनियातल्या डोंगरात गेलो. जिथे उतरलो तिथे विजेची सोय नव्हती, म्हणजे सगळा भार गाडीतल्या दोन बॅटऱ्यांवर. संध्याकाळी दिवे लावले तेव्हाच ते पिवळट दिसत होते. रात्री थंडी वाढली म्हणून फर्नेस लावला. पंखा घरघरला, थोडा वेळ नुसती गार हवा फेकली आणि बंद. परत लावला, परत तेच. पंप सुरू केला की दिवे आणखी मंद. फ्रिजच्या पॅनेलवरचा दिवा तर विझूनच गेला. मुलगी सात वर्षांची आहे. तिला दोन स्वेटर आणि जॅकेट घालून आमच्या दोघांच्या मध्ये झोपवली, आणि रात्रभर मी तिची नाकाची शेंडी गार पडलीय का ते बघत होते.

परत आल्यावर गाडी एका दुरुस्तीवाल्याकडे नेली. त्याने दोन्ही बॅटऱ्या बदलल्या. फरक नाही. मग कन्व्हर्टर (प्लगच्या विजेचे बारा व्होल्ट करणारा डबा) बदलला. तरी फरक नाही. हजार डॉलरच्या वर गेले. आत्ताही बॅटरीला मीटर लावला की १२.६ व्होल्ट दिसतात. मग वीज मुरते कुठे?

आणखी एक गोष्ट. गेल्या रविवारी पाऊस पडून गेला होता. मी अनवाणी होते. ड्राइव्हवेवरून गाडीच्या दाराच्या कडीला हात लावला आणि हाताला मुंग्या आल्या. तेव्हा प्लग लावलेला होता आणि वॉटर हीटर विजेवर चालू होता. याचा वरच्या तक्रारीशी काही संबंध आहे का?

नवरा सिव्हिल इंजिनिअर, मी अकाउंट्समध्ये. मल्टिमीटर घेतला आहे. कोणी नीट सांगितलं तर एकेक करून बघायची तयारी आहे.

तारांगण

ताई, बाकी सगळं नंतर. आत्ता आधी घरातला त्या सॉकेटचा ब्रेकर पाडा, मग प्लग काढा. आणि मुलीला गाडीजवळ जाऊ देऊ नका.

मुंग्या आल्या म्हणजे गाडीची बॉडीच जिवंत आहे. टायर रबराचे, त्यामुळे गाडी जमिनीपासून तुटलेली असते. आत कुठे विजेची थोडी गळती झाली की ती बॉडीत साठून राहते. गाडीत उभं असताना काही जाणवत नाही, कारण तुम्ही आणि गाडी एकाच पातळीवर असता. एक पाय ओल्या जमिनीवर आणि हात कडीला, की वाट तुमच्यातून. आज मुंग्यांवर भागलं. उद्या जास्त भिजलेले पाय असले तर मुंग्यांवर थांबणार नाही.

याची दोन कारणं एकत्र असावी लागतात. एक, आतली गळती. दोन, अर्थची वायर कुठेतरी तुटलेली. अर्थ शाबूत असती तर ती गळती तिकडून परत गेली असती आणि ब्रेकर किंवा जीएफसीआय (थोडी गळती झाली तरी वीज तोडणारा सॉकेटमधला स्विच) पडला असता. म्हणून दोन्ही शोधायचं.

हार्डवेअरच्या दुकानात तीन छोट्या दिव्यांचा सॉकेट टेस्टर मिळतो, दहा-पंधरा डॉलरच्या आत. आधी तो गॅरेजच्या सॉकेटमध्ये लावा. मग तिथून गाडीपर्यंत जेवढ्या वायरी आणि अ‍ॅडॅप्टर जोडलेत त्यांच्या शेवटाला लावा. कुठे दिवे बदलतात ते लिहा.

चाकं_चार

मी नाशिकचा. ट्रॅव्हलर गाडीचा कॅम्पर करतोय म्हणून धागा वाचतोय. एक सुचवतो. आपल्याकडे घराला खड्डा खणून कोळसा-मीठ घालून अर्थिंग करतात. गाडीशेजारी तांब्याची सळई ठोकून बॉडी तिला जोडली तर शॉकचा प्रश्न मिटेल ना?

तारांगण

नाही दादा, आणि हा गैरसमज इथेही भरपूर आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

चांगल्या जमिनीत ठोकलेल्या सळईचा रोध २५ ओहम धरू. इथलं व्होल्टेज १२०. पूर्ण फेज बॉडीला टेकली तरी सळईतून जाणार ४.८ अँपिअर. १५ अँपिअरचा ब्रेकर ४.८ ला पडत नाही. तो खुशाल चालू राहणार, सळईभोवतीची माती आणि बॉडी दोन्ही जिवंत राहणार, आणि आपण अर्थिंग केलंय या भरवशावर लोक निर्धास्त हात लावणार. ब्रेकर पडायला प्रवाह तांब्याच्या वायरीने घराच्या पॅनेलपर्यंत परत जावा लागतो. तिथे न्यूट्रल आणि अर्थ एकत्र बांधलेले असतात, म्हणून सर्किट पूर्ण होतं.

याचीच दुसरी बाजू : प्लगवर चालताना गाडीच्या आतल्या पॅनेलमध्ये न्यूट्रल आणि अर्थ एकमेकांना अजिबात जोडायचे नाहीत. ती गाठ फक्त बाहेर, घराच्या पॅनेलमध्ये. जुन्या गाड्यांत आधीच्या मालकाने काम करताना दोन्ही वायरी एकाच पट्टीवर घट्ट केलेल्या मी स्वतः दोनदा बघितल्या आहेत.

कडेकपारी

दादा, घाबरून लगेच ब्रेकर पाडला. तुमचे आभार कसे मानू कळत नाही.

टेस्टर आणला. गॅरेजच्या सॉकेटमध्ये दोन पिवळे दिवे, म्हणजे ठीक. त्याच सॉकेटवर जीएफसीआयचं बटणही आहे. गाडीसोबत मिळालेली नारिंगी एक्स्टेन्शन लावली आणि तिच्या टोकाला टेस्टर लावला तर एकच दिवा. टेस्टरवरच्या तक्त्यानुसार ‘ओपन ग्राउंड’, म्हणजे अर्थ तुटलेली. प्लग उलटा करून बघितला तर गोल पिन मुळापासून कापलेली! कापलेल्या जागी प्लास्टिकवर करवतीचे दात दिसतात. दोन भोकांच्या जुन्या सॉकेटमध्ये बसावी म्हणून कोणीतरी मुद्दाम कापली असणार. सहा महिने आम्ही त्याच वायरीवर गाडी लावत होतो. वायर कापून कचऱ्यात टाकली, म्हणजे दुसऱ्या कोणाच्या हाती लागायला नको.

नवी, जाड, तीन पिनांची वायर आणली. ती लावून वॉटर हीटर विजेवर टाकला की जीएफसीआय त्याच क्षणी पडतो.

तारांगण

उत्तम. आता वायर आपलं काम करतेय. सगळी वीज बंद करा, म्हणजे प्लग काढलेला, जनरेटर बंद, इन्व्हर्टर असेल तर तोही बंद. वॉटर हीटरच्या एलिमेंटच्या दोन्ही वायरी सोडवा आणि ओहम मोजा. १४४० वॉटचं एलिमेंट १२० व्होल्टवर १२ अँपिअर घेतं, म्हणजे दोन टोकांमध्ये साधारण १० ओहम यायला हवेत. मग एक टोक आणि टाकीचा धातू यांच्यामध्ये मोजा. तिथे मीटरने काहीच दाखवता कामा नये.

कडेकपारी

दोन टोकांमध्ये १०.४. टोक आणि टाकी यांच्यामध्ये १२ हजार ओहमच्या आसपास, आकडा वरखाली होतोय.

तारांगण

सापडलं. एलिमेंटच्या नळीला तडा गेला आहे आणि आत पाणी शिरलं आहे. हिशोब बघा. १२० व्होल्टला १२ हजारने भागलं तर दहा मिलिअँपिअर. जीएफसीआय ५ च्या आसपास पडतो, म्हणून अर्थ जोडल्यावर तो लगेच पडला. आधी अर्थ नव्हती तेव्हा वाट तुमच्या शरीरातून आणि ओल्या काँक्रीटमधून होती. त्यांचा रोध वाढून प्रवाह ५ च्या खाली राहिला, म्हणून जीएफसीआय गप्प आणि तुम्हाला मुंग्या. तो बिघडलेला नव्हता.

एलिमेंट बदलेपर्यंत पाणी गॅसवर तापवा. नवं बसवल्यावर टाकी पूर्ण भरून गरम नळाला सलग धार येईपर्यंत वीज लावू नका. कोरड्या टाकीत एलिमेंट काही सेकंदांत जळतं.

मुंग्यांचा विषय इथे संपला. तुमची मूळ तक्रार बारा व्होल्टची आहे, तिचा याच्याशी संबंध नाही. ती जुना_वायरमन काकांना सोडतो, ते या विषयात माझ्यापेक्षा कितीतरी मुरलेले आहेत.

जुना_वायरमन

नमस्कार. मी एसटीच्या दापोडीच्या कार्यशाळेत ३१ वर्षं वायरिंग केलं. आमचं चोवीस व्होल्टचं, तुमचं बारा, पण नियम तेच. लेक डेन्व्हरला असते, तिच्याकडे आलो की शेजाऱ्यांची अशीच गाडी बघतो, म्हणून रचना माहीत आहे.

ताई, तुम्ही पहिल्याच पोस्टमध्ये उत्तर अर्धं देऊन ठेवलंय. प्लगवर सगळं ठीक, बॅटरीवर मंद. प्लग लावलेला असताना कन्व्हर्टर एकशेवीसचे बारा करतो आणि ते थेट फ्यूजच्या पॅनेलला देतो. बॅटरीवर आलात की वीज बॅटरीपासून पॅनेलपर्यंत चालत येते. दिवे, पंप, फर्नेस सगळे पॅनेलच्या पुढे, आणि ते प्लगवर नीट चालतात. म्हणजे दोष पॅनेलच्या पुढे नाही. दोष बॅटरी ते पॅनेल या वाटेवर. बॅटरी नवी, कन्व्हर्टर नवा, पण मधल्या वाटेला कोणी हात लावलेला नाही.

आता १२.६ चं सांगतो. भार नसताना मोजलेलं व्होल्टेज फक्त बॅटरीचं पोट भरलंय का ते सांगतं. चार्जिंग बंद करून काही तास गेल्यावर १२.६ म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी, १२ म्हणजे जवळपास रिकामी. वाटेबद्दल ते काही सांगत नाही. जाड केबलचे सगळे पदर तुटून एक केसाएवढा पदर उरला असेल तरी मीटर पलीकडच्या टोकाला १२.६ च दाखवेल, कारण मीटर वीज पितच नाही. त्या केसावर पंख्याचा भार टाका, लगेच खरं कळेल. आमच्या फोरमननी मला पहिल्या आठवड्यात मीटर दिला नव्हता. हेडलाइटचा बल्ब आणि दोन वायरी दिल्या होत्या. बल्ब पूर्ण तेजाने पेटला तर वायर खरी.

हे करा. प्लग काढा. गाडीतले सगळे दिवे लावा, फर्नेसचा पंखा सुरू करा. मीटर डीसी व्होल्टवर. एक जण आकडे लिहून घ्या. बॅटरीच्या दोन टोकांवर मोजा. मग फ्यूज पॅनेलच्या प्लस-मायनसवर. त्यानंतर लांब वायर घेऊन बॅटरीचा प्लस ते पॅनेलचा प्लस, आणि बॅटरीचा मायनस ते पॅनेलचा मायनस. शेवटच्या दोन मोजण्यांत आकडा शून्याच्या जवळ यायला हवा. जिथे आकडा येईल तिथे वीज मुरतेय.

आणि एक काळजी. बॅटरीपाशी पाना वापरताना हातातली अंगठी, बांगडी, घड्याळ काढा. बारा व्होल्टचा शॉक बसत नाही, पण प्लस आणि बॉडीमध्ये सोन्याची बांगडी आडवी आली तर ती लाल होते.

हिमवाट

कॅलगरीहून. फर्नेस का विझतो ते सांगते, कारण आमच्याकडे दर हिवाळ्यात कोणीतरी याच कारणासाठी फर्नेसचा सर्किट बोर्ड विकत घेतं.

फर्नेसमध्ये हवेच्या वाटेवर पातळ पत्र्याचा एक स्विच असतो, त्याला सेल स्विच म्हणतात. पंखा पूर्ण वेगाने फिरला की हवा त्या पत्र्याला ढकलते, स्विच जुळतो, मगच बोर्ड गॅस सोडतो. पंखा मंद असताना ज्योत पेटू नये म्हणून ही सोय. व्होल्टेज साडेदहाच्या आसपास आलं की पंखा फिरतो पण पत्रा पुरेसा ढकलला जात नाही. बोर्ड थोडा वेळ वाट बघतो आणि सगळं बंद करतो. तुमचं लक्षण अगदी हेच आहे. फ्रिज गॅसवर असला तरी त्याच्या बोर्डला बारा व्होल्ट लागतात, तोही त्याच कारणाने गेला.

स्विचच्या पत्र्यावर कुत्र्याचे केस आणि धूळ अडकूनही असं होतं, पण मग ते प्लगवरही झालं असतं.

कडेकपारी

काका, शनिवारी सकाळी दोघांनी मिळून मोजलं. बांगड्या आधी काढून ठेवल्या. सहा जुने बल्ब आणि पंखा चालू.

बॅटरीवर १२.३. पॅनेलवर १०.६. बॅटरी प्लस ते पॅनेल प्लस ०.२. बॅटरी मायनस ते पॅनेल मायनस १.५.

बेरीज १.७, आणि १२.३ वजा १०.६ हेही १.७. ताळेबंद जुळावा तसं जुळलं! मला इतका आनंद झाला की नवऱ्याला म्हटलं, हा हिशोब मला कळतोय.

जुना_वायरमन

शाबास. असं जुळलं की मोजणी बरोबर झाली समजायचं.

दोष मायनसच्या वाटेवर. तिचे दोन तुकडे असतात. बॅटरीचा मायनस गाडीच्या लोखंडी चासीला जातो आणि पॅनेलचा मायनस दुसऱ्या जागी त्याच चासीला येतो. मधला रस्ता म्हणजे चासी. तसाच भार ठेवून बॅटरीचा मायनस ते चासीवरची स्वच्छ घासलेली जागा मोजा, मग चासी ते पॅनेल मायनस.

कडेकपारी

बॅटरी मायनस ते चासी १.४. चासी ते पॅनेल ०.१.

जुना_वायरमन

म्हणजे बॅटरीची काळी केबल चासीला जिथे बोल्टने बसलीय तो बोल्ट. भार किती ते काढू. जुना बल्ब दीड अँपिअर घेतो, सहांचे नऊ, पंख्याचे सातेक, मिळून सोळा. सोळा अँपिअर आणि १.४ व्होल्ट म्हणजे बावीस वॉट त्या एका बोल्टवर उष्णता होऊन जातायत. भार अर्धा तास चालू ठेवून बोल्टजवळ हात न्या, ऊब लागेल.

ओहम मोडवर हा दोष का सापडला नसता तेही सांगतो, कारण बरेच जण तिथे फसतात. १.४ भागिले १६ म्हणजे ०.०९ ओहम. साध्या मीटरच्या स्वतःच्या वायरींचाच रोध तेवढा असतो. तुमच्या दुरुस्तीवाल्याने बहुतेक ओहम मोजून वायर ठीक आहे असं म्हटलं असेल.

बोल्ट खोलायच्या आधी प्लग काढा आणि बॅटरीचा मायनस सोडा. सोडताना आधी मायनस, जोडताना शेवटी मायनस. बॅटरीतून हायड्रोजन निघतो, ठिणगी तिथे नको.

कडेकपारी

बोल्ट पायरीच्या मागे, चाकाच्या बाजूला होता. खाली झोपून टॉर्च लावला तेव्हा दिसला. वरून काळा रंग मारलेला, म्हणून एवढे दिवस कोणाच्या नजरेत आला नाही. पाना लावला तर पहिल्या झटक्यात हलला नाही, दुसऱ्या झटक्यात मऊ खडूसारखा फिरला. केबलच्या टोकाची तांब्याची डोळी काढली तर तिच्यावर हिरवट पांढरी भुकटी, आणि मधोमध चण्याएवढाच भाग चकचकीत. तेवढ्याच जागेतून सगळी वीज जात होती. वॉशर आणि चासी यांच्यामध्ये रंगाचा थर होता, म्हणजे कोणीतरी रंगावरच बोल्ट कसला होता. हिवाळ्यात इथे रस्त्यांवर मीठ टाकतात, ते चाकाने उडून थेट तिथेच लागतं.

नवऱ्याने केबलवरचं रबर थोडं सोलून बघितलं. आतले पदर चार इंचांपर्यंत काळे पडलेले.

जुना_वायरमन

मग ती केबल ठेवू नका. काळा पडलेला तांबा कितीही घासला तरी परत तापतो. तेवढ्याच जाडीची किंवा एक नंबर जाड नवी केबल घ्या, टोकाची डोळी दुकानात मोठ्या क्रिंपरने दाबून घ्या, वर आतून गोंद असलेली, तापवली की आवळणारी श्रिंक नळी. चासी लोखंड चमकेपर्यंत घासा, नवा बोल्ट, दातेरी वॉशर. सगळं कसून झाल्यावर वरून व्हॅसलीनचा थर. आधी कसणं, मग व्हॅसलीन.

सागरगोटा

लीड्सहून. आमची २००१ ची मोटारहोम आहे. इकडे व्होल्टेज २३०, कॅम्पसाइटवर निळा १६ अँपिअरचा प्लग आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीडी, म्हणजे जीएफसीआयचा इकडचा भाऊ. अमेरिकेतले आकडे इकडे जसेच्या तसे घेऊ नका. पण बारा व्होल्टचं काकांनी लिहिलंय ते तंतोतंत लागू पडतं. आजच मायनस मोजला, ०.६ निघाला. उद्या गाडीखाली शिरणार.

तारांगण

कडेकपारी ताईंच्या यजमानांसाठी एक इशारा, कारण आपण सगळे भारतात शिकलो.

आपल्याकडच्या जुन्या वायरिंगमध्ये लाल फेज, काळी न्यूट्रल, हिरवी अर्थ. हात आपोआप काळ्या वायरीला निर्धोक समजतो. अमेरिकेत एकशेवीसच्या वायरिंगमध्ये काळी हीच फेज असते आणि पांढरी न्यूट्रल. मोटारहोममध्ये तर दोन्ही जग एकाच डब्यात येतात. अनेक गाड्यांत राहण्याच्या भागातल्या बारा व्होल्टचा मायनसही पांढरा आणि प्लस काळा असतो, आणि इंजिनच्या बाजूला, मोटारींच्या रिवाजाप्रमाणे, काळा म्हणजे मायनस. कन्व्हर्टरचं झाकण उघडलं की चार इंचांच्या अंतरावर ही सगळी काळी मंडळी असतात. रंगावर कधीही विश्वास ठेवू नका. प्रत्येक वेळी मीटर लावून बघा, आणि मीटर चालू आहे ना ते आधी चालू सॉकेटवर तपासून बघा.

मी अमेरिकेत आलो त्या पहिल्याच वर्षी घरातला दिवा बदलताना काळी वायर सरळ बोटांत धरली होती. ब्रेकर पाडलेला होता म्हणून आज लिहितोय.

चाकं_चार

वाचून अंगावर काटा आला. माझ्या गाडीत बारा व्होल्ट आणि इन्व्हर्टरच्या वायरी एकाच पाइपातून नेल्या होत्या. आज काढून वेगळ्या केल्या.

कडेकपारी

नवी केबल बसली. त्याच भारावर मोजलं. बॅटरी १२.३, पॅनेल १२.०. मायनसच्या वाटेवर आता फक्त ०.१. फर्नेस प्लगशिवाय लावला. पंख्याचा आवाजच वेगळा आला, ठणठणीत. साधारण अर्ध्या मिनिटाने आत ‘भप्’ असा आवाज झाला आणि गरम हवा आली. मुलगी जाळीसमोर हात धरून बसली होती. ती म्हणाली, आई, गाडीला ताप आला.

पण एक उरलंय. गाडी चालवताना गाडीतल्या घराच्या, म्हणजे दिवे-फर्नेसच्या दोन बॅटऱ्या चार्ज होत नाहीत. इंजिन चालू असताना इंजिनच्या बॅटरीवर १४.२ आणि घराच्या बॅटऱ्यांवर १२.७.

जुना_वायरमन

इंजिनची बॅटरी आणि घरच्या बॅटऱ्या यांच्यामध्ये एक सोलेनॉइड असतो, डब्यासारखा, दोन जाड आणि एक किंवा दोन बारीक टोकांचा. चावी फिरवली की दोन्ही बॅटऱ्या जोडतो, बंद केली की वेगळ्या करतो, म्हणजे रात्री दिवे जाळले तरी सकाळी इंजिन उठतं. कोणाला तरी चावी फिरवायला सांगा. ‘टक्’ आवाज आला म्हणून तो चांगला असं समजू नका. आवाज गुंडाळीचा, वीज नेतात आतल्या तांब्याच्या पट्ट्या, आणि त्या जळलेल्या असू शकतात. इंजिन चालू ठेवून दोन जाड टोकांमध्ये व्होल्टेज मोजा.

कडेकपारी

टक् आवाज येतो. जाड टोकांमध्ये १.४.

जुना_वायरमन

गेला. बदला. पण विकत घेताना एक बघा. स्टार्टरचा सोलेनॉइड दिसायला हुबेहूब असतो आणि स्वस्त मिळतो. तो काही सेकंद ओढण्यासाठी बनवलेला आहे. तासन्‌तास चालू राहिला तर गुंडाळी जळते. तुम्हाला ‘कंटिन्युअस ड्यूटी’ लिहिलेलाच हवा.

मीठभाकर

ह्यूस्टन. थोडक्यात, कारण मूळ प्रश्न सुटलाय. गाडी महिनाभर उभी राहिली की बॅटरी उतरते अशी तक्रार पुढे येईलच. गॅस डिटेक्टर, रेडिओची मेमरी, फ्रिजचा बोर्ड हे थोडं थोडं पीतच असतात. उभी करताना बॅटरीचा मायनस सोडा किंवा डिस्कनेक्ट स्विच वापरा. गॅस डिटेक्टरवर तारीख असते, तो काही वर्षांनी बदलायचाच असतो. १९९६ चा मूळचा असेल तर आजच बदला, तिथे पैसे वाचवू नका.

आणि जुने बल्ब काढून एलईडी लावा. तेवढाच उजेड, सहावा-सातवा भाग वीज.

हिमवाट

उंदीरही बघा. पलंगाखाली आणि पाण्याच्या टाकीमागे. आमच्या गाडीत एक प्लस वायर कुरतडून चासीला टेकली होती, फ्यूज उडत राहायचा. आधीच्या मालकाने कंटाळून १५ च्या जागी ३० चा फ्यूज लावून ठेवला होता, आणि वायर पलंगाच्या लाकडात दोन इंच जळत गेली होती.

कडेकपारी

हो, हिमवाट ताई, तुमचं वाचून लगेच सगळे फ्यूज काढून झाकणावरच्या तक्त्याशी ताडून बघितले. दोन चुकीचे निघाले. पंपाच्या जागी १० ऐवजी २० होता. बदलले.

सोलेनॉइड बसवला. इंजिन चालू असताना घराच्या बॅटऱ्यांवर १४.० आले. वॉटर हीटरचं एलिमेंटही बदललं, जीएफसीआय पडत नाही. अनवाणी उभं राहायचं धाडस केलं नाही. काँक्रीटवर ओलं फडकं ठेवून बॉडी ते फडकं मीटर लावला, ०.३ व्होल्ट एसी. दोन-तीन आठवडे चाललं हे सगळं, आणि सुट्या भागांचा खर्च दीडशे डॉलरच्या आत.

काल पोकोनोजला त्याच जागी जाऊन आलो. रात्री पारा गोठणबिंदूच्या जवळ गेला होता. फर्नेस रात्रभर चालू-बंद होत राहिला, मी प्रत्येक वेळी जागी होऊन तो ‘भप्’ आवाज ऐकला. पहाटे सहाला बॅटरी १२.३ होती. मुलगी पांघरूण लाथाडून आडवी झोपली होती.

सगळे आकडे एका कागदावर लिहून फ्यूजच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवले आहेत.

जुना_वायरमन

फार छान, ताई. त्या कागदावर तारीख घाला. मिठाचे रस्ते सुरू व्हायच्या आधी, ऑक्टोबरात, तोच भार टाकून तोच मायनस परत मोजा. आणि बोल्टला व्हॅसलीन लावलंत ना?

कडेकपारी

लावलं, काका. आधी कसून, मग.